शकीलाबाईची परत आलेली पाळी

थर्मल वीजकेंद्राच्या ऊर्जानगर वसाहतीच्या गेटबाहेर शकीलाबाईचं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. संध्याकाळी क्वार्टरमधल्या आम्ही चारजणी तिथे टेकतो. चिंध्या साठतात तसे किस्सेही साठतात. सगळ्याच पन्नाशीपलीकडच्या, त्यामुळे विषय बहुतेक एकच!

*

पाळी गेल्यावर शकीलाबाईला अंगातून गरम वाफा यायला लागल्या. ऐन डिसेंबरात दुकानात पंखा फुल. गिऱ्हाइकं शाल सावरत माप द्यायची. एकीने कुरकुर केली, तर म्हणाली, "तुले थंडी वाजते तं घरी जा. माह्या अंगातच थर्मलची भट्टी लागली हाये."

*

डॉक्टरीणबाईंनी हार्मोनच्या गोळ्या दिल्या. पंखा बंद झाला, झोप लागायला लागली. वर्षभराने, ऐन रमजानात, अचानक रक्त जायला लागलं. पाळी जाऊन चार वर्षं झालेली, पण हिला वाटलं, गोळ्यांनी ती परत आणली. पाळीत रोजा नाही, नमाज नाही. रोजे नंतर ठेवायचे, नमाज मात्र माफ. रोजा सुटायच्या आधीच आमच्यासोबत चहा घेत म्हणाली, "मी जवान होऊन राह्यली, वैनी."

*

तिचे मियाँ रशीदभाई मेडिकलमध्ये पॅड आणायला गेले. दुकानदाराने विचारलं, "चाचा, सुनेसाठी का?"

"बायकोसाठी," रशीदभाई ऐटीत म्हणाले.

*

मला काही हसू येईना. मीच तिला ओढत दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गेलेली पाळी अशी परत येत नसते. गोळ्या चालू असल्या तरी रक्त गेलं की तपासायचंच."

"कॅन्सर तं नाई ना?"

"बहुतेक वेळा नसतो. पण बघितल्याशिवाय सांगणार नाही."

सोनोग्राफी झाली, पिशवीच्या आतला तुकडा तपासायला गेला. त्या आठवड्यात शकीलाबाईने माझ्या ब्लाऊजला दोन्ही बाह्या उजव्याच लावल्या. मी तो तसाच घरी नेला.

*

रिपोर्ट घ्यायला आम्ही तिघं गेलो. रशीदभाईही सोबत होते.

"कॅन्सर नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आत छोटा मस आहे, तो काढून टाकू."

शकीलाबाई रडायला लागली. रशीदभाईंनी चष्मा पुसला. "मॅडम, मंग ते पाळी नव्हतीच?"

"नव्हती."

ते बायकोकडे वळले. "मंग तेवढ्या दिवसाच्या नमाजा पढाच्या राह्यल्या तुह्या. चाल घरी."