पाहुण्याची मुदत

"एकतर माझ्या कोंबड्या राहतील, नाहीतर तुझा कुत्रा!"

"माझा कशाला? तो आपणहून आला."

"आणि आपणहून कोंबडी खाल्ली!"

"खाल्ली कुठे, दादा? मारली फक्त."

"वा! मग सत्कार करू या त्याचा?"

एक माझे बाबा, दुसरी माझी आत्या. मागच्या ओट्यावर दोघांच्या मध्ये तांबडी कोंबडी मरून पडलेली, आणि आत्याच्या शिवणमशिनखाली, चिंध्यांच्या ढिगात, तोंडाला पिसं चिकटलेला गुन्हेगार. बाबा घड्याळं दुरुस्त करतात. या कोंबड्या त्यांनी पिल्लं असल्यापासून खोक्यात, बल्बच्या उबेवर वाढवल्या होत्या. त्यांचा राग काही खोटा नव्हता.

"महिनाअखेरपर्यंत ठेव," ते म्हणाले. "मग जाईल गोदामाच्या रखवालदाराकडे. आणि लाडानं नाव-बिव ठेवू नकोस. पाहुणा आहे तो."

म्हणून त्याचं नावच पाहुणा पडलं. गोदामातले कुत्रे आम्ही सगळ्यांनी पाहिले होते. एकदा साखळीला बांधले की बांधलेच.

आत्या शाळेचे गणवेश शिवते. मी लहान असताना एका संध्याकाळी हातगाडीवर मशीन टाकून ती सासरहून आली, ती कायमचीच. मशीन हेच तिचं सगळं सामान. जीभ मात्र कात्रीपेक्षा धारदार. "ताई, तुम्ही वाढलात की माझी टेप आटली?" असं ती गिऱ्हाइकाला तोंडावर विचारते, आणि गिऱ्हाईक पुढच्या वेळी पुन्हा तिच्याकडेच येतं.

दुसऱ्या दिवशी पाहुण्याची शाळा भरली. मशिनच्या पायाला लांब दोरी, दोरीला पाहुणा आणि समोर जाळीपलीकडे कोंबड्या. आत्या पाय मारत शिवत बसायची. पाहुण्यानं कोंबड्यांवरची नजर काढून तिच्याकडे वळवली की लगेच "शहाणा माझा तो!" आणि उकडलेल्या अंड्याचा तुकडा.

"कोंबडी न खाल्ल्याबद्दल बक्षीस कोंबडीचंच अंडं?" बाबांनी कपाळाला हात लावला. "चोराच्या हाती किल्ल्या!"

"खाल्ल्या घरचे वासे मोजणाऱ्यातला नाही तो. बघशील."

आणि खरंच दिसायला लागलं. जाळी काढली तरी पाहुणा मशिनशेजारी पोत्यासारखा पडून. पांढरी कोंबडी तर त्याच्या शेपटीजवळचे दाणे टिपायची. आत्यानं मोठ्या तोऱ्यात बाबांना दुकानातून बोलावून आणलं. "ये, डोळे भरून बघ!"

बाबा ओट्यावर आले, आणि नेमका तेव्हाच मशिनचा पट्टा तुटला.

खडखड थांबली. पाहुणा उठला. दुसऱ्या क्षणी पांढरीची शेपटी त्याच्या तोंडात! आत्यानं दोरी खेचली म्हणून कोंबडी वाचली, पण पिसं थेट बाबांच्या चष्म्यावर येऊन बसली.

बाबांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

आत्यानं थांबलेल्या मशिनकडे बघितलं. मग कपाळावर हात मारून घेतला. "अगं बाई! याला कोंबड्या कळल्याच नाहीत. मशीन चालू म्हणजे पडून राहायचं, एवढंच शिकलाय हा. मी एक दिवस तरी मशीन बंद करून बसले का इथे?"

"मग चालव आता रात्रंदिवस," बाबा जाता जाता म्हणाले.

पट्टा बसवून झाला, पण आत्यानं मशीन चालवलं नाही. ती रोज सकाळी ओट्यावर हात मांडीवर ठेवून रिकामी बसू लागली. तिला असं बसलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. शाळा उघडायला आलेली, गणवेश अडलेले, गिऱ्हाइकं दारात ताटकळलेली, आणि ही आपली पाहुण्याला सांगतेय, "हे बघ राजा, मशीन नाही, काही नाही. मी आणि तू. आणि त्या कोंबड्या आपल्या माणसातल्या आहेत." कधी ती अंगणात फिरायची, कधी दाराआड लपायची, कधी मुद्दाम डबा पाडायची. चुकला तर ओरडायची नाही. दोरी आखडून पुन्हा पहिल्यापासून.

महिना संपत आला. एका दुपारी आत्या आत कुणाचं तरी माप घेत होती आणि बाबा जेवायला आले होते. दोरी सुटलेली. अचानक कोंबड्या ओरडल्या, आणि पाहुणा बाणासारखा त्यांच्या दिशेनं सुटला.

"मेली बिचारी!" बाबा पायातली चप्पल उचलून धावले. मी त्यांच्यामागे.

पाहुणा कोंबड्यांच्या मधून गेला. एकीलाही शिवला नाही. कुंपणाखालून मुंगूस आत घुसलं होतं, त्याच्यावर तो तुटून पडला. धूळ, गुरगुर, एक किंकाळी, आणि मुंगूस आल्या वाटेनं पसार. पाहुण्याचं नाक फाटलेलं. तो कुंपणाला पाठ करून बसला आणि बाबांच्या हातातल्या चपलेकडे बघत शेपटी हलवू लागला. अंड्याची वाट बघत असावा.

बाबांचा हात तसाच वर. कोंबड्या हळूहळू कुत्र्याभोवती गोळा झाल्या.

रात्री जेवताना आत्यानं विषय काढला. आवाज नेहमीचा नव्हता.

"दादा, महिना संपला."

"हं."

"मी आले तेव्हा तू मला मुदत नव्हती दिलीस. का आलीस, किती दिवस राहणार, काहीच विचारलं नाहीस. ओट्यावरच्या कुंड्या हलवल्यास आणि मशिनला जागा केलीस. तुझे आभार मानायचे राहिले ते राहिलेच. आज मानते."

बाबांनी ताटात मान घातली.

"आता सांग, पाहुण्याचं काय करायचं?"

बाबा उठले. ताटातलं उकडलेलं अंडं, अख्खंच्या अख्खं, हातात घेतलं आणि मागच्या दारानं बाहेर गेले.