कूलरवाला गट

आमच्या गोपिका मॅडमला राग आला की त्या हसतात. मला राग आला की मी रागावते. त्यामुळे कळमन्याजवळच्या आमच्या छोट्याशा महापालिकेच्या शाळेत त्या सगळ्यांच्या लाडक्या आणि मी कडक कौशल्या मॅडम, अशी वाटणी कधीचीच होऊन गेली आहे. असो. मला त्याचं काही नाही.

जानेवारीत वरून आदेश आला की मधल्या सुट्टीनंतरचा एक तास पोरांना इयत्तेप्रमाणे नाही, वाचनाप्रमाणे बसवा. अक्षरं चुकणारे एका गटात, शब्द वाचणारे दुसऱ्या, परिच्छेद वाचणारे तिसऱ्या आणि गोष्ट घडाघडा वाचणारे चौथ्या. म्हणजे चौथीतली घोडी पहिलीच्या लेकरांसोबत अ-आ गिरवणार. मी बैठकीतच म्हटलं, "हे काही मले पटून नाही राहिलं. पोट्ट्याले कोणत्या तोंडानं सांगाचं का तू कच्चा हायेस म्हणून?"

गोपिका मॅडम हसल्या. "सांगाचंच कायले? गटायले फळांची नावं देऊ नं. अन् सगळ्यात खालचा गट मले द्या."

मुख्याध्यापक मधुकरराव आधीच त्यांच्या ऐकण्यातले. त्यांनी मान हलवली आणि विषय संपला.

आता ही बाई मूळची नरखेडकडची. वडिलांचा संत्र्याचा बगीचा. तिच्या घरी पाहुण्याला आधी संत्रं, मग चहा. त्यामुळे आपल्या अक्षरं चुकणाऱ्या पोरांना तिने मोठ्या प्रेमाने नाव दिलं 'संत्री'. त्यांच्यावर 'मोसंबी', मग माझा गट 'पेरू', आणि गोष्ट वाचणाऱ्या हुशार मंडळींचं नाव 'बोरं'. खालच्याला सगळ्यात मानाचं नाव दिलं की कोणाला काही कळणार नाही, असा बाईचा हिशोब.

पण ही पोरं कोणाची? कळमन्याच्या फळबाजाराच्या यार्डात संत्री उतरवणाऱ्यांची, निवडणाऱ्यांची. यांच्या घरी संत्रं कधी विकत येतच नाही. डाग पडलेलं, दबलेलं, व्यापारी बाजूला टाकतो ते पिशवीत भरून फुकट येतं. बोरं मात्र गेटसमोरच्या ठेल्यावर पैसे देऊन, तिखटमीठ लावून घ्यावी लागतात. मग काय, शाळा सुटायच्या आत सगळ्यांना सगळं कळलं. बोरंवाले ऐटीत फिरायला लागले आणि संत्रीवाल्यांना नाव पडलं 'दागी'. मी गोपिका मॅडमला म्हटलं, "घ्या, झाला तुमचा मान." त्या हसल्या, पण नेहमीसारख्या नाही.

या दाग्यांमध्ये सगळ्यात उंच होती मेघा. चौथीतली. आईबाप पुण्याकडे बांधकामावर, पोरगी इथे आजीजवळ. आजी भीमाबाई यार्डात संत्री निवडायला जाते आणि हंगाम आला की हिलाही सोबत नेते. दरवर्षी असंच. त्यामुळे चौथीत आली तरी मेघा 'भ' आणि 'म'मध्ये अडकलेली. धाकटा भाऊ अश्विन दुसरीत, पण माझ्या पेरू गटात टणाटणा वाचायचा. मधली सुट्टी संपली की व्हरांड्यात दोघांची भेट व्हायची. तो माझ्या मोठ्या खोलीकडे यायचा आणि ती पहिलीच्या खोलीकडे जायची. एक दिवस ती त्या व्हरांड्यातूनच घरी निघून गेली, आणि मग शाळेत दिसेना.

गोपिका मॅडमने मला स्कूटीवर मागे बसवलं आणि थेट भीमाबाईंचं घर गाठलं. म्हातारीने आम्हाला वरून खालून असं पाहिलं, जसं काही आम्हालाच निवडून ढिगात टाकायचं होतं.

"मॅडम, पोट्टी रोज रडे," ती म्हणाली. "अश्विन मोठ्या खोलीत जाते अन् मी लेकरायत बसते, म्हणे. तिले दागी म्हणतेत तुमच्या शाळेत. माझ्यासंगं निवडाले येते आता. तिथं कोणी तिले दागी नाही म्हणत."

"चूक माही हाये आजी," गोपिका मॅडम म्हणाल्या. "मले वाटलं, संत्रं म्हणजे मानाचं."

"गाव कोणतं वं तुमचं?"

"नरखेडकडचं."

"मंग बराबर हाये. बगीचेवाल्याले मानाचंच वाटते." भीमाबाईंना हसू आलं. मग त्या गंभीर झाल्या. "जयंतीपावतर धाडते. तवापर्यंत वाचता आलं त शिकू दे तिले. नाही त काहून बसवाचं तिथं रडाले? माझ्यासंगं राहीन, चार पैसे आणन."

मेघा दाराआडून ऐकत होती. मला तिचा एकच डोळा दिसत होता. मार्च लागलेला, आणि चौदा एप्रिल काही दूर नव्हती. परत येताना मी म्हटलं, "कबूल त करून आल्या, पण जमते का हे?" गोपिका मॅडम म्हणाल्या, "नावानं काही नाही होत कौशल्याबाई. जागाच बदला लागते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी गटांची फळांची नावं पुसून टाकली आणि मधुकररावांच्या ऑफिसात गेल्या. अख्ख्या शाळेत कूलर तेवढ्याच एका खोलीत. नागपूरचा मार्च काय असतो हे मी नागपूरकरांना सांगायला नको. बाहेर आल्या तेव्हा मधुकररावांची खुर्ची, टेबल आणि फायली व्हरांड्यात निघाल्या होत्या, आणि अक्षरगट ऑफिसात कूलरसमोर मांडी घालून बसला होता. मधुकरराव डोक्यावर ओला रुमाल टाकून सह्या करायचे. मी विचारलं तर म्हणाले, "इथं हवा बरी आहे." घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. भला माणूस बिचारा.

मेघा आली. खरं सांगायचं तर आधी ती कूलरसाठीच आली. वाळ्याचा गार वास, पंख्याची घरघर, आणि कूलरमध्ये पाणी भरायचं काम तिच्याकडे, कारण तीच सगळ्यात उंच. 'दागी' हा शब्द कुठल्या कुठे गेला. आता बाकीचे दारातून आत डोकं घालायचे आणि मेघा त्यांना हाकलायची. गोपिका मॅडम तिच्याकडून दुकानांच्या पाट्या, साबणाची वेष्टणं, जे हाती लागेल ते वाचून घ्यायच्या.

मग एप्रिलात पुन्हा वाचनाची तपासणी झाली आणि आमच्या शाळेतली हुशारी एका दिवसात आटली. गोष्ट वाचणाऱ्यांना शब्द येईनात. माझा अश्विन, टणाटणा वाचणारा, 'क' पाहून डोकं धरून बसला. "मॅडम, हे काय हाये? मले काही समजूनच नाही राहिलं." नियम म्हणजे नियम. अक्षर येत नाही तो अक्षरगटात. सगळी वरात कूलरसमोर जाऊन बसली आणि माझ्या खोलीत उरले चारदोन प्रामाणिक जीव. मला असा संताप आला की मी तडक ऑफिसच्या दारात गेले.

"तुमच्या कूलरनं शाळा बुडवली मॅडम," मी म्हटलं.

गोपिका मॅडम हसल्या. "थांबा जरा." त्यांनी खडू घेतला आणि कोणाला काही न बोलता फळ्यावर लिहिलं: 'बाहेर गोळेवाला आला आहे.'

सगळ्या लबाडांच्या माना एकदम खिडकीकडे वळल्या. अश्विन तर अर्धा उठलाच. खरी अक्षरवाली लेकरं तेवढी फळ्याकडे पाहत बसली.

"खिडकीकडे पाहणारे सगळे उठा," गोपिका मॅडम म्हणाल्या. "वाचता येते तुमाले. चला आपापल्या खोलीत." पोरं हसत, एकमेकांना ढकलत बाहेर पडली. मीही निघणार होते. गोपिका मॅडम फळा पुसायला वळल्या.

"मॅडम," मागून मेघा खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "गोळेवाला त नाही आला."

डस्टर फळ्यावर थांबलं. "कोण म्हणलं तुले, गोळेवाला आला म्हणून?"

"तुमीच त लिहिलं नं."

मग तिलाच कळलं. तिने तोंडावर हात ठेवला. गोपिका मॅडम पहिल्यांदाच हसायच्या ऐवजी रडल्या, अगदी पोरांसमोर. मग पदराने डोळे पुसून त्यांनी मेघासमोर एक परिच्छेद धरला. तिने अडखळत, बोट ठेवत, पण शेवटपर्यंत वाचला.

"आता तुही जागा कौशल्या मॅडमच्या खोलीत," गोपिका मॅडम म्हणाल्या. "तिथं कूलर नाही. अन् त्या रागावतेत बी. जाशील?"

मेघाने कूलरकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. माझं तोंड काही गोड नव्हतं. तिने दप्तर उचललं आणि माझ्या मागे त्याच व्हरांड्यातून, मधुकररावांच्या टेबलाला वळसा घालून, माझ्या तापलेल्या खोलीत आली. अश्विन बाकावर ऐसपैस बसला होता.

"सरक गा," ती म्हणाली. तो सरकला.

जयंतीच्या आदल्या दिवशी भीमाबाई शाळेत आल्या. आधी ऑफिसात डोकावल्या, तिथे मेघा दिसली नाही तेव्हा त्यांचा चेहरा पडला. मी त्यांना माझ्या खोलीच्या दारात आणलं. मेघा उभी राहून वाचत होती. म्हातारीने तिचं वाचून होईपर्यंत ऐकलं, लुगड्याने कपाळ पुसलं आणि मला म्हणाली, "मंग मी एकलीच जाऊ का आता निवडाले?"

"हाव आजी, एकल्याच जा," मी म्हटलं. "अन् हिले टायमावर पाठवत जा."