मी खोडलेले सात सोमवार

फोनवर ‘अंकुश’ असं नाव दिसलं आणि मी तो उचलला नाही. दोनदा वाजला, दोनदा वाजू दिला. वर्षभर मी असंच करत आलो होतो. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा चिडून घेतला, तर पलीकडे त्याची बायको, सिंधूवहिनी. “भाऊजी, हे गेले…” एवढंच बोलल्या. सकाळी शेतात चालता चालता तो खाली बसला आणि उठलाच नाही. मित्राच्या मरणाची बातमी मी दोनदा टाळली, हे आधी लिहिल्याशिवाय पुढचं काही लिहिण्याचा मला हक्क नाही.

बीडच्या कॉलेजात असताना आम्ही एकाच खोलीत राहायचो. दुसऱ्या वर्षी वडील आजारी पडले म्हणून तो वडवणीकडच्या आपल्या गावी शेतीवर परतला. मी शिकत राहिलो, प्राध्यापक झालो. पुढे डोंगरावरची झाडं किती पाणी पितात आणि पायथ्याच्या विहिरींना किती पोचतं, हे तपासायचं काम मला एका सरकारी खात्याकडून मिळालं, तेव्हा पहिल्यांदा तोच आठवला. पळस आणि सालईच्या डोंगराखाली अगदी लागून त्याची विहीर. दर सोमवारी सकाळी, मोटार चालू करण्याआधी, मोजपट्टीच्या टोकाला खडू घासून ती विहिरीत सोडायची. खडू जिथवर भिजला तिथवर पाणी; तो आकडा वहीत लिहायचा, हे काम मी त्याला दिलं. वही हातात घेताना तो म्हणाला होता, “झाडं पानी पित्यात हे सांगायला तुला पगार मिळतो बे? मग आमच्या म्हशीवर बी एखादा रिपोर्ट लिव की, ती लई पिती.” माप घेताना मात्र चेष्टा बंद. शेजारी कुणी बोललं तरी हात वर करून गप्प बसवायचा.

मोजणीच्या तिसऱ्या वर्षी पाऊस लवकर गेला. दिवाळीनंतर निम्मं गाव ऊसतोडीला निघून गेलं. जानेवारीत त्या बाजूनं जाताना मी गावात डोकावलो, तर अंकुशच्या घराला कुलूप. मी तसाच परतलो. मार्चमध्ये त्यानं वही आणून दिली, तिच्यात जानेवारीपासून सलग सात सोमवार विहिरीचं पाणी चढत गेलेलं. आभाळातून थेंब नाही, जवळपास कालवा नाही, आणि विहीर वीतभर वर! आधीची दोन वर्षं त्या दिवसांत अवकाळी पाऊस झाला होता, म्हणून चढ खटकला नव्हता. ते कुलूप माझ्या डोक्यात होतंच. वडवणीच्या बाजारात, चहाच्या टपरीवर, माझ्या दोन विद्यार्थ्यांसमोर मी म्हणालो, “काय रे, उसाच्या फडात बसून विहीर मोजलीस का?”

आधी तो हसला. “येडा हायेस का बे? पानी वर आलं, म्हून वर आलं लिवलं.”

“पावसाशिवाय कसं येईल?”

“ते मला कावून इचारतो? शिकलेला तू हायेस.”

“असले आकडे मला छापता येत नाहीत,” मी वही मिटून म्हणालो. तो चहा अर्धा ठेवून उठला. “बरं हाय, सर.” इतक्या वर्षांच्या दोस्तीत त्यानं मला पहिल्यांदा सर म्हटलं.

ते सात आकडे मी खोडले. आधीचा आणि नंतरचा आकडा सरळ रेषेनं जोडून टाकला. रेषा दिसायला छान झाली. अहवालात लिहिलं की, डोंगरावर कोणत्या जातीची झाडं आहेत यानं विहिरींना फरक पडत नाही. उन्हाळे कडक होत चाललेत, डोंगर हिरवा दिसायला हवा, म्हणून त्या आधारावर जुनी झाडं काढून बारमाही हिरवी, झपाट्यानं वाढणारी झाडं लावायचं ठरलं. येत्या पावसाळ्यात लागवड आहे. हे कळल्यावर अंकुशचे फोन सुरू झाले. “माघात एकदा सोमवारी या, सर. आधी डोंगर बघा, मग हीर बघा.” मी “बघतो” म्हणायचो; नंतर फोन घेणंच सोडलं. खरं सांगायचं तर तोवर मला शंका आलेली होती. पानं गळाली की झाड पाणी ओढायचं जवळपास थांबवतं आणि जमिनीत उरलेलं पाणी झिरपत विहिरीला मिळतं, हे मी स्वतः वर्गात शिकवतो. तेच मित्राच्या वहीत समोर आलं तेव्हा मी त्याला खोटं म्हटलं… आणि ओळखलं तेव्हा कबूल करायची हिंमत झाली नाही.

तेराव्याला गेलो. वहिनींना त्या कुलपाचं विचारलं. त्या म्हणाल्या, “मी गेलते फडावर, माझ्या भावाच्या जोडीनं. हे न्हाई आले. सोमवारचं माप चुकंल म्हनले. रानात मोटारीच्या खोलीत राह्यचे, हातानं भाकरी थापून खायाचे. घराला कुलूपच व्हतं की.”

“मग त्यानं मला सांगितलं का नाही?”

“तुमी इचारलं व्हतं का, भाऊजी?”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर सोपं गेलं असतं.

त्यानंतरचा एकही सोमवार मी चुकवलेला नाही. बीडहून पहिल्या एसटीनं जातो. माघ लागला, पळस उघडा पडला, सालईच्या नुसत्या फांद्या उरल्या, आणि विहीर चढू लागली. मी शेवटची पळवाटही शोधून पाहिली: मोटार कमी चालत असेल. वहिनींनी कडवळाकडे बोट दाखवलं, “जनावराच्या चाऱ्याला रोज तेवढंच पानी लागतं.” म्हणजे गावाला घागरभर पाण्याची किंमत कळू लागते, नेमक्या त्याच दिवसांत ही झाडं आपला वाटा सोडून देतात. बारमाही हिरवी झाडं तो सोडणार नाहीत.

अहवाल चुकला आहे, चूक माझी आहे, लागवड थांबवा, असं मी त्या खात्याला लेखी कळवलं. सात आकडे परत जागेवर घातले, मोजणाऱ्याचं नाव घातलं. एका साहेबांचा फोन आला, “छापून झालंय, सर. कशाला स्वतःची बेअब्रू करून घेता?” मी म्हणालो, “बेअब्रू केव्हाच झालीय, फक्त चुकीच्या माणसाची.” उत्तर अजून आलेलं नाही. पुढच्या ग्रामसभेत मी उभा राहणार आहे. टपरीवर जे बोललो ते गावासमोर मागे घेणार आहे, आणि डोंगरावर कुऱ्हाड लागणार नाही असा ठराव होईपर्यंत तिथून हलणार नाही.

गेल्या सोमवारी वहिनींनी पदर खोचला आणि मोजपट्टी माझ्या हातातून घेतली. “आज मी सोडते. तुमी लिवा.” पट्टी खाली गेली, वर आली. त्यांनी खडूवर बोट ठेवून आकडा सांगितला. सवयीनं माझी मान पट्टीकडे वळू लागली… ती मी वहीवर आणली, आणि त्यांनी सांगितला तो आकडा लिहिला.