फायनलपर्यंत टिकवायचे केस

नाटकात काम केलेल्या माणसाला कधी एक किस्सा विचारू नये. एक बाहेर आला की मागची सगळी रांग ढकलाढकली करत येते! नाटकांची नावं मी विसरले, संवाद तर प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशीच विसरायचे. किस्से मात्र जागच्या जागी आहेत. आणि त्यातले निम्मे एकट्या वसंताच्या केसांचे निघतील.

आणीबाणी उठून वर्षभर झालं असेल. नाशकात आमची एक हौशी नाटक मंडळी होती. दिवसा नोकऱ्या, संध्याकाळी एका शाळेच्या वर्गात तालमी. बापू दिग्दर्शक, वसंता हिरो आणि मी त्याची आई. वयानं मी त्याच्याहून लहान, पण मंडळीत बायका दोनच आणि दुसरी हिरॉईन!

* * *

नाटक बापूंनीच लिहिलेलं. घर सोडून गोसाव्यांमागे गेलेला मुलगा परत येतो आणि पुन्हा निघतो. तेव्हा आई त्याचे वाढलेले केस धरून त्याला उंबऱ्याच्या आत ओढते. सगळं नाटक त्या एका ओढण्यावर उभं.

पहिला प्रयोग सिन्नरला. वसंताच्या डोक्यावर भाड्याचा विग. मी "नाही जायचं!" म्हणत केस धरले आणि जीव खाऊन ओढले. विग माझ्या हातात आणि वसंता विंगेत पोचलेला! मी तो विग छातीशी धरला आणि रडत सुटले, दुसरं करणार काय?

प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं, "बाई, केस तरी ऱ्हायले, लय झालं!"

मेकअप पुसायच्या आत बापूंचा फतवा निघाला, "पुढच्या वर्षी नाट्यस्पर्धेला विग नाही. वसंता, केस वाढव!"

* * *

वसंताचे आईवडील लहानपणीच गेले. त्याला वाढवलं नानांनी, म्हणजे त्याच्या काकांनी. काकूही पुढे गेल्या, त्यांना मूलबाळ नव्हतं. घरात ही दोनच माणसं. नाना रिटायर्ड ड्रिल मास्तर, त्यामुळे केस कानाला टेकले की न्हाव्याकडे रवानगी. आपले केस कुरळे आहेत हे वसंतालासुद्धा धड माहीत नव्हतं.

आता केस वाढले, पण खाली यायचं नाव नाही. वर आणि बाजूला! ऑफिसात साहेब विचारायला लागले, "तुमच्या मागचे कुळकर्ण्यांचे टेबल दिसत नाही, तुम्ही जरा बाजूला बसता का?"

नाना म्हणाले, "डोक्यावर फ्लॉवरचा गड्डा घेऊन कुठं निघालास? भाजीबाजारात?" पण कापायला मात्र लावले नाहीत.

* * *

वैतागून मी त्याला मखमलाबादला माझ्या मावशीकडे नेलं. मावशीचं फुलांचं शेत होतं आणि तिचे स्वतःचे केस असे कुरळे की त्यात खोचलेलं फूल पडायचं नाही. तिनं वसंताच्या डोक्यात हात घातला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"कोरड्या केसाला फणी लावतो का रं? मग ते डूख धरणार नाय तर काय! ओल्यातच बोटांनी सोडव. अन् जवस उकळून त्याचं पाणी लाव."

जवस उकळून गाळलं की बुळबुळीत पाणी निघतं. ते ओल्या केसांना लावायचं, एकेक बट बोटाभोवती गुंडाळायची आणि वाळेपर्यंत हात लावायचा नाही. वसंताला वाटलं, जितकं दाट तितकं चांगलं. त्यानं आटवून आटवून त्याची खळ केली! तालमीत मी केस धरले तर कडकड आवाज.

बापू म्हणाले, "हा गोसावी आहे की कुरडई?"

पण प्रमाण जमलं, आणि मग काय सांगू! खांद्यापर्यंत एकेक बट अशी सुटी आणि चकचकीत, की मला माझ्या सरळ शेपट्याची लाज वाटावी.

* * *

स्पर्धेला आठवडा उरला असताना वसंता कुणा मित्राकडे देवळाली कॅम्पला गेला आणि तिथे नुसती दाढी करायला सलूनमध्ये बसला. दमलेला होता, गरम टॉवेल तोंडावर पडताच घोरायला लागला. तिथल्या कारागिराला शिपायांची डोकी करायची सवय. त्याला वाटलं, नवीन भरती आहे! मशीन कानामागे चाललं तसा वसंता किंचाळून उठला आणि अर्धा साबण तोंडावर घेऊन रस्त्यावर पळाला.

तसाच बसमध्ये बसून तालमीला आला. उजव्या कानामागे बोटभर रुंदीची पांढरी पट्टी! मी वरच्या बटा जवसाच्या पाण्यानं खाली वळवून पट्टी झाकली आणि वसंताला बजावलं, "डावीकडे मान वळवलीस तर आई म्हणून थोबाडीत देईन!"

आख्ख्या प्रयोगात तो उजवीकडेच बघत राहिला. मी केस धरून ओढले तेव्हा त्याच्या डोळ्यांत खरं पाणी आलं आणि आम्ही पहिले आलो. फायनल महिन्याभरानं मुंबईला. नाना पहिल्या रांगेत होते. जाताना मला म्हणाले, "कुसुम, मुंबईत जरा बेतानं ओढ. एकुलतं एक डोकं आहे आमच्या घरात."

* * *

आणि त्याच आठवड्यात नानांना न्यूमोनिया झाला. दवाखान्यात ठेवलं. नानांचं काही झालं तर अग्नी वसंताच देणार, आणि अग्नी देणाऱ्याचं मुंडण व्हायचंच. बोलत कुणी नव्हतं, पण आमच्यातल्या प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे गंगेवरचं, म्हणजे आमच्या गोदावरीवरचं, रामकुंड आणि वस्तरा होता.

बापू रोज द्राक्षं घेऊन जायला लागले. जन्मात कुणाला चहा न पाजलेला माणूस! नाना काय दुधखुळे होते? धाप लागत असताना म्हणाले, "बापू, द्राक्षं गोड आहेत. पण तुम्ही माझी नाडी बघायला येता की याचे केस?"

बापू गोरेमोरे झाले.

नाना म्हणाले, "फायनल कधी आहे?"

"सव्वीसला."

"बघतो. जमवतो."

आम्ही हसलो. वसंता हसला नाही.

दोन दिवसांनी दुपारी नाना कुणाला ओळखेनात. डॉक्टरांनी मान हलवली. आम्ही बाहेर बाकावर बसलो होतो. बापू हळूच मला म्हणाले, "अग्नी दुसऱ्या कुणी दिला तर चालतं का गं?"

वसंतानं ते ऐकलं. तो उठला आणि बाहेर गेला. मला बापूंची अशी चीड आली की हातातली पिशवी त्यांच्या डोक्यात घालावीशी वाटली. माणूस आत मरतोय आणि यांना नाटक सुचतंय! दिवेलागणीला वसंता परत आला तेव्हा त्याच्या कपाळाला देवळातलं ओलं कुंकू होतं. कुठे होतास विचारलं तर नुसता नानांचे पाय चेपत बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नानांनी डोळे उघडले आणि चहा मागितला.

* * *

नाना घरी आले त्या सकाळी मी आणि बापू पेढे घेऊन गेलो. नाना खाटेवर टेकून बशीतून चहा पीत होते. आवाज खोल गेलेला, पण जीभ शाबूत. बापूंच्या अंगात तर वारं भरलं होतं. "नाना, तुम्ही शब्द पाळलात! उद्यापासून तालीम. वसंता कुठाय?"

"सकाळीच गंगेवर गेलाय."

तेवढ्यात बाहेरून शेजारच्या आजींनी हंबरडा फोडला, "अगं बाई! नाना गेले गं!"

"कोण गेलं?" नाना आतून ओरडले.

दारात वसंता उभा होता. अंगावर ओला पंचा आणि डोक्याचा तुळतुळीत गोटा. बापू मटकन खालीच बसले. पेढ्यांचा पुडा माझ्या हातात तसाच राहिला. नानांनी बशी खाली ठेवली.

"गाढवा, मी जिवंत असताना मुंडण करून आलास?"

वसंता म्हणाला, "जिवंत आहात म्हणूनच, नाना."