पाचव्या दिवसाचा पेपर

मुळशी धरणात होडी चालवणारा तो नावाडी मला एकाच दिवसापुरता भेटला. मी देवी टोचायला पलीकडच्या गावाला निघालो होतो. मुंबईच्या गिरणीत असताना त्याला क्रिकेटचं वेड लागलेलं. आता रेडिओही नव्हता. पोस्टानं दोन दिवस उशिरा येणारा पेपर, तेवढाच आधार.

भर पाण्यात त्यानं वल्हं उभं धरलं. "अशी सरळ बॅट ठिवायला काय जातंय ह्यांचं? एकामागं एक भोपळं! लाज कशी वाटत न्हाई?" होडी डुलली. मी काठ घट्ट धरला.

संध्याकाळी परतताना त्याच्या खोपटात चहा घेतला. आढ्याला सात-आठ पेपर टांगलेले होते. पोस्टाची कागदी पट्टीसुद्धा फाडलेली नव्हती. मला राहवेना. मी विचारलं.

"कसोटीच्या पाचव्या दिवसाचं हायेत. चार दिवस वाचतो, पाचवा फोडतच न्हाई. वाचलं न्हाई तवर हरलो न्हाई."

मी पट्ट्यांवरचे शिक्के बघत गेलो आणि एका तारखेवर थबकलो. "अहो, हा सामना आपण जिंकलाय!"

त्याचा हात पट्टीपर्यंत गेला, तिथंच घुटमळला. मग त्यानं पेपर पुन्हा टांगला. "ऱ्हाऊ द्या, डाक्टर. ह्यो फोडला, तर बाकीचंबी फोडावं लागत्याल."

चहा झाल्यावर मला सोडायला त्यानं होडी पाण्यात लोटली. अर्ध्या पाण्यात आल्यावर वल्हं थांबलं. माझ्याकडं न बघताच त्यानं हळूच विचारलं, "कितीनं?"