कॉम्प्युटरमधून गेलेला बगळा

काकू भरतकाम करायच्या, पण सुईदोऱ्याचं नव्हे, मशीनवरचं. आधी कॉम्प्युटरवर नक्षी काढायची, कुठला टाका कुठून कुठे जाईल ते ठरवायचं आणि मग ती मशीनला द्यायची. मशीन खिडकीशी होतं, शेजारी कॉम्प्युटर, आणि दोन्हींच्या मधे काकांची खुर्ची. काका पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले. कॉम्प्युटरवर ते बुद्धिबळ खेळायचे आणि बहुतेक वेळा हरायचे.

कॉम्प्युटर फार रखडायला लागला, तेव्हा एका रविवारी जावई आले. त्यांनी त्यात एक नवी, चपळ सिस्टिम बसवली, काकांचं बुद्धिबळही तिच्यात घातलं. जुनी मात्र काढली नाही, कारण भरतकामाचा प्रोग्राम फक्त तिच्यावरच चालायचा. चालू करताना दोन्हींची नावं दिसतील, हवी ती निवडायची, काहीच निवडलं नाही तर नवी उघडेल, असं त्यांनी काकांना नीट समजावलं. काकांनी मान डोलावली. जावयासमोर कळलं नाही म्हणायचं तरी कसं? काकू तेव्हा स्वयंपाकघरात होत्या.

जाताना जावयांनी जुनी सिस्टिम उघडून दिली आणि काकूंनी त्याच संध्याकाळी तिच्यात पोहण्याच्या क्लबनं पिशव्यांसाठी सांगितलेली नक्षी पुरी केली. पंख पसरलेला बगळा, खाली लाटा. त्याच्या मानेनं त्यांना आठवडाभर छळलं होतं.

दुसऱ्या दिवशी काकूंनी कॉम्प्युटरचं बटण दाबलं आणि नेहमीप्रमाणे मशीनला तेल घालायला घेतलं. तेल घालून वळतात तर पडद्याचा रंगच निराळा. बगळा नाही, भरतकामाचा प्रोग्राम नाही, जुनी एकही नक्षी नाही. काकांचं बुद्धिबळ तेवढं जागच्या जागी.

"तुम्ही काही केलंत का?" त्यांनी विचारलं.

"मी हातसुद्धा लावला नाही."

"मग तुमचंच तेवढं कसं राहिलं?"

काकांनी घसा खाकरला, चष्मा पुसला, आणि काकूंची खात्रीच पटली. जावयांना विचारावं असं काकांनी सुचवलं, पण ज्यानं अख्खा रविवार आपल्यासाठी घालवला त्याला तुमच्यामुळे बिघडलं म्हणायचं, हे काकूंना पटेना. त्यांनी क्लबच्या प्रशिक्षक बाईंना फोन करून नक्षी गेल्याचं सांगितलं. स्पर्धा तोंडावर आली होती. पुन्हा सगळं काढायला वेळ नव्हता, म्हणून काकूंनी स्वतःच पलीकडच्या गल्लीतल्या भरतकामवाल्याचा नंबर दिला. मग त्या दिवसभर काकांशी बोलल्या नाहीत.

सकाळी काका लवकर उठले. काहीतरी करून दाखवावं म्हणून त्यांनी कॉम्प्युटर चालू केला आणि तो सुरू होईपर्यंत फडक्यानं की-बोर्ड चांगला घासून पुसला. पडदा उजळला तेव्हा बगळा समोर होता.

काकू किती तरी वेळ बघत राहिल्या. यांनीच कुठेतरी लपवला आणि यांनीच परत आणून ठेवला, असं त्यांना वाटलं. रागवावं की हसावं ते कळेना, शेवटी त्यांनी चहा केला आणि पहिला कप काकांपुढे ठेवला. काकांनी विचार केला, अबोला सुटतोय, तर आता नाही कशाला म्हणा.

"सापडला एकदाचा," ते म्हणाले.

काकूंनी लगेच क्लबला फोन लावला, पण काम दुसरीकडे गेलं होतं. आणि त्यानंतरच्या सकाळी बगळा पुन्हा नाहीसा झाला.

"आता कुठे ठेवलात?" काकूंनी विचारलं.

काका खुर्चीत बसले. "खरं सांगू? तो गेला कसा ते मला माहीत नव्हतं. आला कसा तेही माहीत नाही. तू चहा दिलास म्हणून मी बोललो."

मग मात्र काकूंनी मुलीला फोन लावला. मुलगी म्हणाली, चालू करताना काळ्या पडद्यावर दोन ओळी दिसतात ना? काकूंनी त्या कधी पाहिल्याच नव्हत्या, त्या वेळी त्यांची पाठ असायची. काकांच्या फडक्याखाली काय दाबलं गेलं असेल, तेही मुलीनं सांगितलं.

"म्हणजे परवा बगळा कुठे होता?" काकूंनी विचारलं.

"आतच होता, आई. जुन्या सिस्टिममध्ये."

"मग मी ज्यात शोधत होते ते काय होतं? कॉम्प्युटर तर हाच ना?"

मुलीनं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं, हो म्हणाल्या, आणि फोन ठेवून काकांना विचारलं, की तुम्हाला तर जावयांनी सगळं समजावलं होतं, मग तुम्हाला काय कळलं होतं? काका म्हणाले, दोन आहेत, एवढं कळलं होतं.

आता काकू मशीनला आधी तेल घालतात. मग कॉम्प्युटरपुढे उभ्या राहतात, दोन ओळी दिसल्या की बाण खाली नेतात आणि एंटर दाबतात. रोज बरोबर जमतं, तरी बगळा दिसेपर्यंत त्या खाली बसत नाहीत. क्लबच्या मुलांच्या पिशव्यांवरचा दुसरा बगळा त्यांनी परवा रस्त्यात पाहिला. त्याची मान आखूड झाली होती. घरी येऊन त्यांनी आपल्या बगळ्याची मान पडद्यावर मोठी करून पाहिली, आणि काकांनी बुद्धिबळासाठी आपली पाळी कधी येणार असं दोनदा विचारलं तरी त्या उठल्या नाहीत.