खमीसोची नजर

माझा नवरा खमीसो दोरीच्या बाजा विणतो. बसून करायचं काम. उजवा पाय लहानपणीच पोलिओनं वाळला, पण हात असे की त्यानं ताणलेल्या बाजेवर म्हैस चढली तरी दोरी सैल पडायची नाही. त्याशिवाय गेली पंधरा वर्षं त्याला आणखी एक काम आहे. पोलिओचे थेंब पाजणाऱ्या बायका गावात आल्या की ह्याला बरोबर नेतात. एखादं घर ऐकत नसलं की हा त्या दारात सलवार वर करून पाय दाखवतो. बोलत काहीच नाही. बायका पाय बघतात, तोंडाला ओढणी लावतात आणि पोरांना पुढे करतात. एरवी लंगड्याला कोण विचारतं? पण ह्याला विचारत. आमच्या गावात तसा पाय दुसऱ्या कुणाचा नव्हताच.

मग हा पूर आला. सिंधमध्ये पाऊस म्हणजे चार दिवसांचा पाहुणा, पण यंदा त्यानं महिनाभर मुक्काम ठोकला. माझ्या सासऱ्यांनी उभ्या जन्मात असा पूर पाहिला नव्हता, आणि माझ्या संसारातला हा दुसरा. अख्खं गाव बाजा, शेळ्या, कोंबड्यांसकट बांधावर येऊन बसलं. दोन्ही बाजूंना पाणी, सगळ्यांची घाण त्याच पाण्यात, आणि पोरं तेच पितात. पोलिओ ह्याच पाण्यातून फिरतो, असं थेंब पाजणारी अदी फहमीदा, म्हणजे फहमीदाताई, घसा कोरडा करून सांगायची. थेंबांची निळी पेटी तिच्या खांद्यावर असते.

पुरानं आणखी एक घाण आणून टाकली. लधो. परगावचा, हातानं चालवायच्या तीनचाकीवर बसलेला, डोळ्यांत सुरमा, मिशीला तेल. त्याचा डावा पाय पोलिओनं गेलेला. मी जळकी आहे, सांगून टाकते. त्याला पाहिल्या दिवसापासून माझ्या पोटात दुखायला लागलं. जिभेवर साखर असलेला माणूस! बायकांना हसवायचा आणि हसता हसता पोरांची तोंडं उघडून घ्यायचा. फहमीदा त्यालाही 'अदा लधो', लधोभाऊ, म्हणायला लागली. हाक ऐकली की खमीसो बाजेची दोरी अशी आवळायचा की ती तुटायची.

अडकलेल्या गावांकडे जायला फहमीदाला होडी मिळाली तेव्हा गोष्ट हातघाईवर आली.

"अदा, होडी लहान आहे. तुमच्यातल्या एकालाच जागा," ती म्हणाली. "बांधावर आता थेंबांना नाही म्हणणारं एकच घर राहिलंय, पलीकडच्या गावाहून आलेल्या माई जन्नतचं. तिच्या नातवाला जो थेंब मिळवून देईल, तो होडीत."

"आणि दुसरा?" मी विचारलं.

"दुसरा बाजा विणेल," लधो म्हणाला आणि स्वतःच हसला. त्याची तीनचाकी पाण्यात ढकलून द्यावीशी वाटली मला.

दुसऱ्या दिवशी सगळा बांध जन्नतच्या तंबूपाशी गोळा झाला. करमणूक दुसरी होतीच कुठे!

म्हातारी आधीच तापलेली. "पीठ मागितलं, मिळालं नाही. तंबू मागितला, फाटका मिळाला. पोरं जुलाबानं सुकली, औषध नाही. आणि हे थेंब मात्र न मागता दारात! आमच्या पोटाची ज्यांना फिकीर नाही, त्यांना आमच्या पोरांच्या पायांचा एवढा पुळका कसला?"

खोटं काय होतं त्यात? फहमीदानंसुद्धा मान खाली घातली.

लधो पुढे झाला. "माई, मी आणि हा खमीसो मिळून चपलांचा एकच जोड घेतो. डावी त्याला, उजवी मला. दुकानदार रडतो. तुझ्या नातवाला आमच्यात घेतलं तर हिशेब बिघडेल की!"

जन्नत डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. त्याला बिनसाखरेचा का होईना, चहासुद्धा पाजला. थेंबांना मात्र नाही म्हणाली.

मग खमीसोनं सलवार वर केली.

"झाक ते," जन्नत म्हणाली. "कितीदा दाखवशील? अल्लाची मर्जी."

पंधरा वर्षांत पहिल्यांदा तो पाय नापास झाला. मला रडू फुटेल असं वाटलं. तेवढ्यात जन्नतचा नातू सावण, तीन वर्षांचं पोर, शेळीच्या मागे धावत आला. बाज ओलांडली, खड्डा ओलांडला, पडला, उठला, पुन्हा धावला. खमीसो त्याच्याकडे बघतच राहिला. इतका वेळ की जन्नतच्याही लक्षात आलं.

"काय बघतोस रे असं?"

"जळतो मी," खमीसो म्हणाला.

"काय?"

"ह्याच्यावर जळतो. लोक म्हणतात, खमीसो नेकीचं काम करतो. कसली नेकी! एकेक पोर धावताना दिसतं आणि माझं काळीज करपतं. तुझ्या नातवाच्या पायांवर माझी नजर आहे, माई. आजची नाही, तुम्ही बांधावर आलात त्या दिवसापासूनची."

म्हातारीनं झडप घालून पोराला पोटाशी धरलं. "माशाल्ला म्हण! म्हण, मेल्या, नजर लागेल पोराला!"

"माशाल्ला. पण मनातून जात नाही, त्याला काय करू?"

आमच्या बायका मानतात की ज्याची नजर लागली, त्यानंच आपल्या हातानं पोराच्या तोंडात काही घातलं, तर ती उतरते. जन्नतनं पोराला त्याच्यापुढे केलं. "घाल काहीतरी ह्याच्या तोंडात. आत्ताच्या आत्ता."

खमीसोनं तळवे पुढे केले. दोरीनं सोललेले, रिकामे. गुळाचा खडा साऱ्या बांधावर कुणाकडे नव्हता. त्यानं फहमीदाच्या पेटीकडे पाहिलं. "माझ्यापाशी एवढंच आहे."

म्हातारीनं पेटी पाहिली, तो वाळका पाय पाहिला. "तूच दे," ती म्हणाली. "तिचा हात नको."

फहमीदानं बाटली त्याच्या बोटांत दिली. दोन थेंब. सावणनं तोंड वाकडं केलं. करंगळीला शाई लावून घेतली आणि पुन्हा शेळीमागे पळाला.

परतताना लधो म्हणाला, "वा रे खमीसो! काय नाटक रंगवलंस! मला कधी सुचलं नसतं."

"नाटक नव्हतं ते," खमीसो म्हणाला.

लधोनं तीनचाकी थांबवली, स्वतःच्या पायावर चादर ओढून घेतली. "ठाऊक आहे मला," तो म्हणाला.

आणि मला ठाऊक नव्हतं. पंधरा वर्षं एका बाजेवर झोपून मला वाटायचं, मानासाठी जातो. दारोदार जाऊन तो जळून येत होता, आणि इथे मी एका मिशीवर जळत बसले होते.

सकाळी होडी सुटली. खमीसो फहमीदाच्या शेजारी, पेटी मांडीवर. सावण होडीच्या बरोबरीनं बांधावरून धावत सुटला. खमीसोनं ना माझ्याकडे पाहिलं, ना लधोकडे. त्याची नजर त्या पोराच्या पायांवरून हलेना.

मी घाबरून जन्नतकडे पाहिलं. ती उंबऱ्याशिवायच्या आपल्या तंबूपाशी बसली होती.

"बघू दे त्याला," ती म्हणाली. "उतारा झालाय."